खोकणाऱ्या बाळाचे श्वास कसे मोजावेत

लहान मुलाला ताप आणि खोकला असला, की हे साधे सर्दी-पडसे आहे की न्यूमोनिया, हा प्रश्न घरात आणि उपकेंद्रात सारखाच अवघड होतो. स्टेथोस्कोप लावला की उत्तर मिळते, असा आपला समज असतो. पण रडणाऱ्या तान्ह्या बाळाच्या छातीतले आवाज अनुभवी डॉक्टरांनाही चकवतात. पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे काम केलेले बालरोगतज्ज्ञ फ्रँक शॅन यांनी १९८४ साली दाखवून दिले, की मिनिटाला होणारे श्वास आणि आत ओढली जाणारी छाती या नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून प्रतिजैविक कोणाला द्यायचे आणि रुग्णालयात कोणाला धाडायचे, हे बऱ्याच अंशी ठरवता येते. १९८८ मध्ये अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत श्वास मोजून करायचे निदान आणि उपचार दोन्ही गावातील आरोग्यसेवक व दायांच्या हाती सोपवले. वर्षभरानंतर त्या गावांत पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू हजारी ८.१ होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.५. श्वास मोजणे म्हणजे तात्पुरती सोय नव्हे, ती एक तपासणीच आहे, आणि ती नीट करायला हवी.

बाळ शांत असतानाच मोजावे. रडताना किंवा अंगावर पिताना मोजलेला आकडा निरुपयोगी असतो; झोपलेले असेल तर उत्तमच, मोजण्यासाठी त्याला उठवू नये. आईच्या मांडीवर बाळाला उताणे ठेवून झबले हळूच काखेपर्यंत वर सरकवावे, उजेड एका बाजूने येऊ द्यावा आणि छाती व पोट जिथे मिळतात त्या एकाच जागी नजर ठेवावी. ती जागा वर येऊन खाली गेली की एक श्वास. एकाने श्वास मोजावेत आणि दुसऱ्याने घड्याळ पाहून ‘सुरू’ आणि ‘थांबा’ एवढेच म्हणावे, कारण दोन्हीकडे पाहणाऱ्याचे हमखास चार-पाच श्वास निसटतात. मोजायचे ते पूर्ण साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय मोठ्यांच्या नाडीपुरती ठीक आहे. तान्हे बाळ काही क्षण भराभर श्वास घेते, मध्येच थांबते, पुन्हा सुरू करते, त्यामुळे गुणाकार फसतो.

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेग वाढलेला आहे. सर्वांत लहान गटात आकडा ६० किंवा अधिक आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते अशा दायांसाठी गडचिरोलीत मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधन बनवले होते: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी वेगाच्या मर्यादेवर बसवलेल्या लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. मला ते आजच्या कितीतरी उपकरणांपेक्षा शहाणपणाचे वाटते.

त्यानंतर छातीचा खालचा भाग पाहावा. निरोगी मूल श्वास आत घेते तेव्हा छाती आणि पोट दोन्ही बाहेर येतात. न्यूमोनिया वाढलेला असेल तर पोट बाहेर येते, पण शेवटच्या बरगड्यांचा भाग त्याच वेळी आत ओढला जातो. बाळ कमरेत वाकलेले असेल तर हे दिसत नाही, आणि नाक चोंदलेले असेल तर उगाच दिसते. म्हणून त्याला सरळ झोपवून, नाक साफ करून पुन्हा पाहावे. शांत बाळात प्रत्येक श्वासाला छाती आत जात असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मूल काहीच पीत नसेल, सारे ओकत असेल, झटके आले असतील, गुंगीत असेल, कण्हत श्वास घेत असेल किंवा ओठ निळसर असतील, तर मोजत बसण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा. दोन महिन्यांखालच्या बाळाच्या बाबतीत पिणे मंदावणे किंवा अंग गार पडणे एवढेही कारण पुरे आहे. वाटेत बाळाला आईच्या अंगाशी उबेत ठेवावे आणि पीत असेल तर पाजत राहावे. पल्स ऑक्सिमीटरवर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या बोटाच्या चिमटीवर, ९० पेक्षा कमी आकडा आल्यास रुग्णालय गाठावेच. मात्र मोठ्यांची चिमटी बाळाच्या बोटावर भलतेच आकडे दाखवते, आणि आकडा चांगला आला म्हणून न्यूमोनिया नाही असे ठरत नाही.

नुसता वेग वाढलेला असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन महिन्यांखालील बाळाला थेट रुग्णालयात न्यावे. वेग दम्यानेही वाढतो, म्हणून मागच्या आजारातले उरलेले प्रतिजैविक घरीच देऊ नये. अमॉक्सिसिलीन या प्रतिजैविकाची मात्रा वजनावर ठरते. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर चटके देण्याची जुनी रीत आहे. तिने न्यूमोनिया हटत नाही, उलट कोवळ्या कातडीला जखम होते आणि रुग्णालय गाठायला उशीर होतो.

मोजलेला आकडा, वेळ आणि तेव्हा बाळ झोपलेले होते की जागे, हे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावे. औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांनी, त्याच मांडीवर, तसेच झबले वर करून, पुन्हा पूर्ण मिनिट मोजावे. ५८ चे ४४ झाले असतील तर औषध लागू पडते आहे, आणि ५८ तसेच राहिले असतील तर पुन्हा दवाखाना गाठावा.