सिक्वेलवरची समीक्षा वाचून एक पानाचं टिपण कसं लिहावं

आमच्या लातुरात टक्के म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. निकालाच्या दिवशी चहाच्या टपरीवरसुद्धा दशांश चिन्हापुढचे आकडे बोलले जातात. महाविद्यालयातल्या चित्रपट मंडळासाठी मी ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ या २०१५ च्या सिनेमाचं टिपण केलं होतं. त्यात रॉटन टोमॅटोज या समीक्षा गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरचा ९७ टक्के हा आकडा पहिल्याच ओळीत घातला. बी. ए.च्या पहिल्या वर्षातल्या एका मुलाने लगेच विचारलं, “मॅडम, उरलेले तीन मार्क कशाचे कापले?”

मी त्या मुलाची आजही आभारी आहे, कारण प्रश्न रास्त होता आणि चूक माझ्या टिपणात होती. ते ९७ मार्क नव्हेत, तो निकाल आहे. एखाद्या शाळेचा निकाल ९७ टक्के लागला म्हणजे शंभरातली सत्त्याण्णव मुलं पास झाली. कुणाला किती गुण पडले ते त्यातून कळत नाही. रॉटन टोमॅटोजवरही तसंच असतं. शंभरातल्या किती समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल होतं, एवढंच तो आकडा सांगतो. दहाच्या दहा समीक्षकांनी “ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही” असं लिहिलं तरी निकाल शंभर टक्के लागतो. उलट, सहा जण वेडे झाले आणि चौघांना अजिबात आवडला नाही, तर आकडा ६० वर थांबतो; पण तोच सिनेमा पुढे चाळीस वर्षं लक्षात राहू शकतो.

म्हणून वहीत पहिल्यांदा तीन वेगळे आकडे तीन वेगळ्या ओळींवर लिहा आणि एकमेकांत मिसळू देऊ नका. पहिला हा निकाल. दुसरा मेटाक्रिटिक या संकेतस्थळाचा, जिथे गुणांची सरासरी काढतात आणि काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन देतात. ‘फ्युरी रोड’ला तिथे शंभरपैकी ९० च्या आसपास गुण आहेत. तिसरा सिनेमास्कोर. अमेरिकेत सिनेमा लागतो त्या पहिल्या रात्री थिएटरात आलेल्या प्रेक्षकांकडून कार्डं भरून घेतात आणि त्यावरून श्रेणी ठरते. म्हणजे तिसरा आकडा समीक्षकांचा नाहीच. तिकीट काढून उत्साहाने पहिल्या दिवशी आलेल्यांचा आहे. अशा प्रेक्षकांचा कल मुळातच गोड असतो, त्यामुळे तिथली ‘बी प्लस’ ही काही फार मोठी शाबासकी नव्हे.

आकडे लिहून झाले की शेजारी दुसरा सिनेमा ठेवा. एकट्या सिनेमाचे आकडे मुके असतात. जात तीच हवी: सिक्वेल, जग उद्ध्वस्त झाल्यानंतरचा काळ, भरपूर मारामारी, मोठा खर्च. मी ‘फ्युरी रोड’शेजारी २००९ चा ‘टर्मिनेटर साल्वेशन’ ठेवते. दोन्ही आपापल्या मालिकेतले चौथे भाग. जगभरातली कमाई जवळपास सारखी: एकाची सुमारे ३८ कोटी डॉलर, दुसऱ्याची सुमारे ३७ कोटी. पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांची श्रेणीही दोघांना एकच, बी प्लस. आणि समीक्षकांचा निकाल? एकाचा ९७, दुसऱ्याचा ३३ च्या आसपास.

इथे थांबून विचार करायला लावणारं काहीतरी आहे, आणि टिपणाचा खरा विषय तोच असतो. पैसे सारखे, गर्दीचं मत सारखं, मग समीक्षकांना काय दिसलं जे इतरांनी कार्डावर नोंदवलं नाही? ते शोधायला आता प्रत्यक्ष समीक्षा वाचायला हव्यात.

वाचताना हातात दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. सिनेमाच्या कारागिरीबद्दलचं वाक्य असेल तर एका रंगाची रेघ, कथा-पात्रांबद्दल असेल तर दुसऱ्या रंगाची. ‘साल्वेशन’च्या समीक्षांमध्ये दुसरा रंग भरभरून येतो आणि बहुतेक तक्रारीचाच असतो: गोंगाट आहे, माणसं नाहीत, नायक जॉन कॉनरच्या वाट्याला करण्यासारखं फार थोडं आहे, सॅम वर्दिंग्टनचं पात्र त्याच्याहून जिवंत वाटतं. ‘फ्युरी रोड’लाही कथेबद्दल टोमणे होतेच. गाड्या एका दिशेने पळतात आणि मग उलट फिरून परत येतात, याला कथा म्हणायचं का, असा प्रश्न विचारला गेला. मॅक्स नावाचा नायक मोजकंच बोलतो, हेही खटकलं. पण तिथे पहिल्या रंगाच्या रेघा पानभर पसरतात.

त्या रेघांमागचं कारण टिपणात सविस्तर लिहा, कारण आपल्या मुलांना ‘संकलन उत्तम’ या दोन शब्दांतून काहीच मिळत नाही. संकलक मार्गारेट सिक्सेल यांच्यापुढे सुमारे ४८० तासांचं चित्रण होतं. त्यातून दोन तासांचा सिनेमा निघाला आणि त्यात २,७०० च्या घरात तुकडे आहेत, म्हणजे सरासरी तीन सेकंदही एक दृश्य टिकत नाही. इतक्या वेगाने कापलेला पाठलाग खरं तर डोळ्यांना शिणवायला हवा. तो शिणवत नाही, कारण दिग्दर्शक जॉर्ज मिलर आणि छायालेखक जॉन सील यांनी महत्त्वाची गोष्ट दर वेळी चौकटीच्या मधोमध ठेवली. दृश्य बदललं तरी नजरेला जागा बदलावी लागत नाही. वर्गात हे दाखवायची सोपी रीत सांगते. टीव्हीच्या पडद्याच्या मध्यभागी कागदी टिकली चिकटवा आणि पाच मिनिटांचा पाठलाग आवाज बंद करून लावा. पेटती गाडी, चेहरा, हात, बंदूक, सगळं त्या टिकलीच्या आसपास येऊन जातं. मुलं थक्क होतात. पुढच्या वर्षीच्या ऑस्करमध्ये दहा नामांकनांपैकी सहा पुरस्कार मिळाले, त्यात संकलनाचा होता. वेशभूषा, निर्मिती आरेखन, केशभूषा-रंगभूषा आणि ध्वनीचे दोन, हे बाकीचे. सगळेच कारागिरीचे. तुमच्या पेन्सिलीच्या रेघा आणि ती यादी जुळते, हे मुलांना स्वतःला शोधू द्या.

सिक्वेलच्या बाबतीत एक प्रश्न मात्र प्रत्येक समीक्षेला विचारलाच पाहिजे: हे लिहिणाऱ्याने आधीचे भाग पाहिले होते का, आणि कुठल्या स्वरूपात? याचं सर्वांत चांगलं उदाहरण याच मालिकेत आहे.

१९७९ चा पहिला ‘मॅड मॅक्स’ ऑस्ट्रेलियात आला तेव्हा फिलिप ॲडम्स या तिथल्या प्रसिद्ध स्तंभलेखकाने त्यावर कडाडून हल्ला चढवला. त्यातला हिंसाचार त्यांना विकृत वाटला. न्यूझीलंडमध्ये सिनेमावर बंदी आली. अमेरिकेत तो गेला खरा, पण ऑस्ट्रेलियन उच्चार प्रेक्षकांना कळणार नाहीत म्हणून इंग्रजी सिनेमावर पुन्हा अमेरिकन आवाजातलं इंग्रजी चढवलं होतं, आणि फारसा कुणी पाहिलाही नाही. त्यामुळे १९८१ चा ‘मॅड मॅक्स २’ पुढच्या वर्षी तिकडे लागला तो ‘द रोड वॉरियर’ या नावाने, कुठलाही क्रमांक न लावता. ऑस्ट्रेलियातला समीक्षक एका वादग्रस्त सिनेमाचा पुढचा भाग तोलत होता. अमेरिकेतल्या बहुतेकांपुढे कोरा करकरीत नवा सिनेमा होता, आणि सुरुवातीच्या निवेदनातून आधीचं जग कसं संपलं ते कळलं की त्यांचं काम भागत होतं. लॉस एंजेलिसच्या समीक्षक संघाने १९८२ चा सर्वोत्तम परदेशी चित्रपट म्हणून त्याचीच निवड केली. इंग्रजी सिनेमा, आणि परदेशी! हे दोन प्रकारचे वाचक एकाच ढिगात घातले की ‘समीक्षकांना सिक्वेल आवडला’ असं पोकळ वाक्य हाती येतं.

त्याच अनुषंगाने तारखा बघा. रॉटन टोमॅटोज १९९८ साली सुरू झालं. तिथे १९८१ च्या सिनेमापुढे दिसणारा आकडा त्या वेळचा निकाल नाही. त्यात जुन्या काही समीक्षा आहेत आणि सिनेमा अभिजात ठरल्यानंतर, वीस-तीस वर्षांनी लिहिलेल्याही आहेत. टिपणात ‘प्रदर्शनाच्या वेळी’ असं लिहायचं असेल तर फक्त त्या काळातलं मत घ्या. मी प्रत्येक समीक्षेच्या डोक्यावर आधी साल लिहिते, मगच वाचायला घेते.

जमलं तर एकाच समीक्षकाची मतं मालिकेच्या क्रमाने लावून बघा. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट चार ताऱ्यांपैकी तारे देत. ‘मॅड मॅक्स २’ला त्यांनी साडेतीन दिले, १९८५ च्या तिसऱ्या भागाला पूर्ण चार, आणि ‘टर्मिनेटर साल्वेशन’ला दोन. आज बहुतेक चाहते तिसऱ्या भागापेक्षा दुसऱ्याला वरचढ मानतात. ईबर्ट यांनी तसं मानलं नाही आणि आपली कारणं दिली. अशी एक असहमती दहा सहमतींपेक्षा टिपणाला जास्त उपयोगी पडते. ती शोधाच.

पडद्याबाहेरच्या गोष्टी समीक्षेत किती शिरल्या तेही बघावं, पण त्यात फार वेळ घालवू नका. ‘साल्वेशन’च्या चित्रीकरणातली मुख्य अभिनेत्याच्या संतापाची ध्वनिफीत प्रदर्शनाच्या काही महिने आधी जगभर पसरली होती. ‘फ्युरी रोड’च्या बाजूने उलटं झालं: सिनेमा बनायला किती वर्षं लागली, ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या ओसाड माळावर ऐन वेळी पाऊस पडून फुलं उगवली आणि सगळं बिऱ्हाड नामिबियाच्या वाळवंटात हलवावं लागलं, या कहाण्यांनी कौतुकाला धार आली. या गोष्टी सिनेमाच्या आत नाहीत. त्यांच्याभोवती वहीत कंस घाला आणि पुढे चला.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते.

‘फ्युरी रोड’ आपल्याकडे मे २०१५ मध्ये लागला. पुढच्याच उन्हाळ्यात लातूर शहर कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश निघाला. पाच माणसं एकत्र जमायची नाहीत. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन. आमच्या गल्लीत घागरींची रांग रात्री दीडला लागायची आणि ती मोडू नये म्हणून दगड, चपला, फुटकी बादली असं काहीही माणसाच्या जागी ठेवलेलं असायचं. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर आम्ही मंडळात हा सिनेमा दाखवला. सुरुवातीलाच सगळं पाणी ताब्यात ठेवणारा हुकूमशहा कड्यावरून नळ सोडतो, खाली माणसं भांडी घेऊन धावतात, आणि घटकाभरात नळ बंद करून तो वरून बजावतो की पाण्याची सवय लावून घेऊ नका. सभागृहात एवढी शांतता मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती.

टिपणासाठी मी तीसेक परदेशी समीक्षा वाचल्या होत्या. त्यांत स्टंट होते, पेट्रोल होतं, फ्युरिओसा या नायिकेचं बंड होतं, स्त्रियांवर मालकी गाजवण्याबद्दलची चर्चा होती, आणि ती सगळी योग्यच होती. पाण्याला मात्र एखादं वाक्य मिळालेलं. त्यांनी दुर्लक्ष केलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या नळाला पाणी होतं. समीक्षक जिथे राहतो, तिथून त्याला सिनेमा दिसतो. लंडनच्या समीक्षकाला जे दिसलं ते लंडनहून दिसलं. लातूरहून काय दिसतं ते लातूरकरानेच लिहायला हवं, नाहीतर ते कुठेच लिहिलं जाणार नाही.

म्हणून पानाची मांडणी अशी करा. वरच्या चार-पाच ओळींत सिनेमा कोणाचा, कधीचा, मालिकेतला कितवा. मग शेजारी ठेवलेला दुसरा सिनेमा आणि त्या दोघांतला फरक, आकडे नीट नाव घेऊन: ‘निकाल’, ‘सरासरी’, ‘प्रेक्षकांची श्रेणी’. मग कारागिरीचा एकच मुद्दा घ्या, पण तो पोटभर लिहा. मग एक असहमती, कोणाची आणि कधीची ते सांगून. स्वतःचं मत या भागात घालू नका. दुसऱ्याचं मत प्रामाणिकपणे पोचवणं हे एवढं सोपं नाही आणि त्यात आपलं मिसळलं की दोन्ही बिघडतात. पानाची मागची बाजू पूर्ण कोरी ठेवा.

आणि टिपण सिनेमा संपल्यावर वाटा. मी आधी वाटायची तेव्हा मुलं ९७ हा आकडा डोक्यात घेऊनच बसायची आणि त्या आकड्याला साजेसं बोलायची. त्या दिवशी झेरॉक्सच्या चाळीस प्रती मी शेवटी वाटल्या, पेन्सिली दिल्या आणि मागच्या बाजूवर लिहायला वीस मिनिटं दिली. औशाजवळच्या एका गावाहून येणाऱ्या मुलीने तिथे सिनेमाबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. आपल्या आईने त्या उन्हाळ्यात टँकरखाली कोणकोणती भांडी लावली होती, त्यांची यादी केली होती, आकारमानासह. ते पान मी माझ्या वहीत ‘फ्युरी रोड’च्या समीक्षांमध्ये, साल घालून, लावून ठेवलं आहे.