गुंतवणुकीचे ॲप किंवा दलाल निवडताना शुल्क आणि सेवेबाबत या चुका टाळा

बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या घरी संध्याकाळी कोणी ना कोणी मोबाइल घेऊन येते आणि विचारते, "काका, ह्यातलं स्वस्त कुठलं?" माझे उत्तर ठरलेले असते. दरपत्रक थोडा वेळ बाजूला ठेवा, वर्षभरात आपण किती वेळा आणि किती रकमेची खरेदी-विक्री करणार आहोत ते कागदावर लिहा आणि त्याच व्यवहारांचे बिल प्रत्येक ठिकाणी किती रुपये होईल ते काढा. उसाच्या बिलातून वर्षाला दोनदा मोठी रक्कम गुंतवणाऱ्याला जे ठिकाण स्वस्त पडते, तेच दर आठवड्याला दोन-दोन हजारांचे शेअर घेणाऱ्याला महाग पडू शकते.

"ब्रोकरेज शून्य" एवढेच वाचून खाते उघडणे

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. हुपरीच्या एका चांदी कारागिराने शून्य ब्रोकरेजच्या, म्हणजे दलाली न लागणाऱ्या, खात्यातून पाच कंपन्यांचे प्रत्येकी सुमारे २,००० रुपयांचे शेअर एकाच दिवशी विकले आणि जमा झालेली रक्कम कमी का, हे विचारायला तो लेजरची (खात्याच्या जमाखर्चाच्या नोंदींची) छापील प्रत घेऊन आला. त्यात डीपी (डीमॅट खाते सांभाळणारी संस्था) शुल्काची १५ रुपये ३४ पैशांची नोंद पाच वेळा होती, म्हणजे १०,००० रुपयांच्या विक्रीवर ७६ रुपये ७० पैसे. डीमॅट खात्यातून (शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्याच्या खात्यातून) शेअर बाहेर गेले की हे शुल्क लागते. बहुतेक ठिकाणी ते प्रत्येक कंपनीमागे, प्रत्येक दिवसासाठी एकदा आकारले जाते आणि त्याचा शेअरच्या संख्येशी संबंध नसतो. त्यामुळे एकाच कंपनीचे थोडे थोडे शेअर चार दिवस विकले, तर ते चार वेळा भरावे लागते. त्या कारागिराचे दलालाशी भांडण व्हायचे राहिले, कारण हे शुल्क दरपत्रकात लिहिलेले होते. मात्र ते शेवटच्या पानावर होते.

म्हणून तुलना करताना आधी आपलीच एखादी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराचे दलालाने दिलेले बिल, समोर घ्यावी. व्यवहारानंतर २४ तासांच्या आत ती पाठवणे दलालावर बंधनकारक आहे. समजा, दीर्घ मुदतीसाठी १ लाख रुपयांचे शेअर घेतले. त्यावर ०.१ टक्का दराने १०० रुपये एसटीटी (शेअर व्यवहारांवरील सरकारी कर) आणि ०.०१५ टक्का दराने १५ रुपये मुद्रांक शुल्क लागते, आणि ते कोणत्याही दलालाकडे तेवढेच असते. शेअर बाजाराचे व्यवहार शुल्कही १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व दलालांना एकाच दराने लागू आहे. राष्ट्रीय शेअर बाजारात ते १ लाखाला सुमारे ३ रुपये पडते. फरक पडतो तो ब्रोकरेजमध्ये. ०.५ टक्का आकारणाऱ्या दलालाकडे ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० रुपये, असे ५९० रुपये केवळ खरेदीच्या वेळी जातात आणि विक्रीच्या वेळी पुन्हा तेवढेच जातात. लक्ष्मीपुरीतल्या शाखेत बसून कोणी आपले काम आपुलकीने करून देत असेल, तर ती रक्कम देण्यात काही गैर नाही. मात्र आपण ती देत आहोत हे माहीत असावे आणि दर कमी करून मागण्याचा संकोच करू नये.

याखेरीज फोनवरून ऑर्डर दिल्याचे शुल्क, उधारीवरील खरेदीचे व्याज आणि खात्यातील बाकी उणे झाल्यावर लागणारे व्याज यांचे दर लेखी मागून घ्यावेत. वार्षिक देखभाल शुल्क वजा होऊन बाकी उणे झाली आणि महिनोन्महिने व्याज चढत राहिले, असे लेजर मी एकाहून अधिक पाहिले आहेत.

"मोफत" म्युच्युअल फंड

फंडखरेदीचे पैसे घेत नाही असे सांगणारा प्लॅटफॉर्म योजनेचा रेग्युलर प्लॅन देत असेल, तर त्याचे कमिशन दरवर्षी आपल्याच रकमेतून जात असते. मध्यस्थाचे कमिशन नसलेले डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत आणि योजनेच्या नावातच "डायरेक्ट" किंवा "रेग्युलर" असे लिहिलेले असते. दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी (ठरावीक तारखेला फंडात जाणारा हप्ता) २० वर्षे चालली आणि परतावा डायरेक्टमध्ये १२ टक्के व रेग्युलरमध्ये ११ टक्के धरला, तर शेवटी सुमारे ५० लाख आणि ४३ लाख ७० हजार असा फरक पडतो. सल्ला देणारा, बाजार पडल्यावर धीर देणारा वितरक असेल तर त्याचे मोल आहे. पण केवळ ॲप वापरण्यासाठी सव्वासहा लाख मोजणे मला पटत नाही. मात्र हे वाचून घाईने जुने युनिट बदलू नयेत, कारण रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे ही आयकराच्या दृष्टीने विक्रीच असते आणि एक्झिट लोडही (मुदतीआधी बाहेर पडण्याचे शुल्क) लागू शकतो. नवीन हप्ते डायरेक्टमध्ये सुरू करावेत आणि जुन्या युनिटचा निर्णय हिशेब करून घ्यावा.

हप्ता परत जाण्याची तक्रारही अनेकदा प्लॅटफॉर्मच्या नावावर घातली जाते. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी जमा होत असताना एसआयपीची तारीख त्याच्या आदल्या दिवशी ठेवली, तर बँक दंड लावणारच. तारीख बदलून घेतली की प्रश्न मिटतो.

ग्राहकसेवेची परीक्षा अडचणीच्या दिवशी घेणे

जुलै २०२१ च्या महापुरात शाहूपुरीत माझ्या मेव्हण्यांच्या दुकानात पाणी शिरले आणि माल भिजला. पैशांची तातडीची गरज होती. शेअर ज्या दलालाकडे होते, त्याच्या खात्यात त्यांचा बंद पडलेला जुना मोबाइल क्रमांक नोंदलेला होता, त्यामुळे ओटीपी येईना. फोन लागला की वाट पाहा एवढेच ऐकू येई आणि ई-मेलला यंत्राचे ठरावीक उत्तर येई. माणसाचे उत्तर पाचव्या दिवशी आले. त्यांचे काही फंड मात्र डीमॅटमध्ये नव्हते, फंड कंपनीच्या खातेपत्रकावर, म्हणजे थेट कंपनीकडच्या नोंदीत, होते. ते थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून विकता आले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे बँकेत आले. तेव्हापासून फंडाचे युनिट डीमॅटमध्ये ठेवण्याचा आग्रह मी कोणालाच करत नाही. खातेपत्रकावरच्या युनिटसाठी प्लॅटफॉर्म बंद असला तरी फंड कंपनी, एमएफ सेंट्रल हे संकेतस्थळ किंवा कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थांची कोल्हापुरातील सेवा केंद्रे यांच्याकडून काम करून घेता येते.

सेवेची परीक्षा खाते उघडण्यापूर्वी घ्यावी. "पाच कंपन्यांचे शेअर एकाच दिवशी विकले तर सर्व मिळून किती रुपये कापाल?" असा प्रश्न ई-मेलने विचारावा आणि उत्तर किती वेळाने आले, त्यात आकडे आहेत की नुसती जाहिरात, हे पाहावे. बाजार सव्वानऊला उघडतो, तेव्हा सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन करून पाहावा आणि मराठीत बोलणारे कोणी आहे का, तेही विचारावे. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दलालनिहाय तक्रारींची संख्या मिळते. तिथे एकूण आकडा पाहून घाबरू नये, कारण लाखो ग्राहक असलेल्या दलालाच्या तक्रारी जास्तच असणार. सक्रिय ग्राहकांच्या तुलनेत त्या किती टक्के आहेत, ते पाहावे.

तक्रार करायची वेळ आलीच, तर ती फोनवर न थांबवता लेखी द्यावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. समाधान झाले नाही तर सेबी या शेअर बाजार नियामकाच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार यंत्रणेत तक्रार नोंदवता येते. तिथे संबंधित संस्थेला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यापुढे स्मार्ट ओडीआर ही ऑनलाइन लवाद व्यवस्था २०२३ पासून आहे. दलालाची सेबीकडे नोंदणी आहे का, हे मात्र पैसे पाठवण्यापूर्वीच तपासावे. व्हॉट्सॲप गटातून आलेल्या लिंकवरचे ॲप मुळात दलालाचेच नसेल, तर शुल्काच्या तुलनेला काही अर्थ उरत नाही.

तुलनेसाठी तीन-तीन खाती उघडून ठेवणे

डीमॅटमधील मूल्य ४ लाखांपर्यंत असेल तर बीएसडीए (छोट्या गुंतवणूकदारांसाठीचे मूलभूत डीमॅट खाते) प्रकारच्या खात्याला वार्षिक देखभाल शुल्क नसते आणि ४ ते १० लाखांपर्यंत ते वर्षाला १०० रुपये असते. ही सवलत एकल किंवा प्रथम धारक म्हणून ज्याचे एकच डीमॅट खाते आहे, त्यालाच मिळते. हौसेने उघडलेल्या दुसऱ्या खात्यामुळे ती दोन्हीकडे जाते.

नको असलेले खाते बंद करण्यास शुल्क लागत नाही, आणि सर्व शेअर आपल्याच नावाच्या दुसऱ्या डीमॅटमध्ये वर्ग करून खाते बंद केल्यास वर्ग करण्याचेही पैसे लागत नाहीत. त्यासाठी नव्या खात्याचा क्लायंट मास्टर रिपोर्ट (खातेदार आणि खात्याचा तपशील असलेला कागद) अर्जासोबत जोडावा. अर्ज देण्यापूर्वी जुन्या खात्याचे लेजर, कॉन्ट्रॅक्ट नोट आणि भांडवली नफ्याचे विवरण उतरवून घ्यावे, कारण खाते बंद झाल्यावर लॉगिन चालत नाही आणि जुन्या खरेदीची किंमत विवरणपत्र भरताना लागतेच.