नवीन हायस्कूल कुठे काढायचं? निदान या चुका टाळा

नवीन हायस्कूलचा प्रस्ताव समोर आला की मी इमारतीचा प्लॅन बघत नाही. पटाचा तक्ता इयत्तावार दिलाय की नुसती बेरीज ठोकलीय, एवढंच आधी बघतो. बहुतेक वेळा बेरीजच असते. शिक्षण खात्याच्या नोकरीत असल्या फायली वाचत आलो, आणि निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीचे लोक "जरा नजर टाका" म्हणून पाठवतातच. तालुके बदलतात, संस्था बदलतात, चुका मात्र त्याच.

एकूण पटावर भिस्त ठेवणं

"परिसरातल्या सहा जिल्हा परिषद शाळांचा मिळून पट भरपूर आहे, म्हणजे हायस्कूलला मुलं मिळणारच." हे वाक्य नसलेला प्रस्ताव क्वचितच सापडेल. या बेरजेत सातवीतलं पोर आणि पहिलीतलं पोर एकाच मापानं मोजलेलं असतं. सातवीतलं पुढच्या जूनमध्ये तुमच्या दारात उभं राहील. पहिलीतल्याला नववीत यायला आठ वर्षं लागतील, आणि मधल्या काळात त्याच्यामागे कोण येतंय ते बेरजेत दिसत नाही. सातवी गच्च आणि पहिली रोडावलेली असेल तरी बेरीज छानच दिसते. अशा ठिकाणी हायस्कूल काढलं की पहिली दोन वर्षं मजेत जातात आणि मग वर्ग रिकामे व्हायला लागतात.

हे एखाद्या तालुक्यापुरतं नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली. पण शून्य ते सहा वयाची मुलं १ कोटी ३७ लाखांच्या घरातून १ कोटी ३३ लाखांवर आली. माणसं वाढली, पोरं घटली. २०११ साली मोजलेली तीच पोरं साधारण २०१८ ते २०२५ या वर्षांत नववीत पोचली. म्हणजे हायस्कूलचे वर्ग आटणार हे सात-आठ वर्षं आधीच छापून आलेलं होतं, वाचायची तसदी कुणी घेतली नाही. पुढे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ निघाला. त्यामुळे चित्र आपोआप फिरेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

ही घट सगळीकडे सारखी नाही, हेही ध्यानात घ्या. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची एकूण लोकसंख्याच कमी झाली, मुंबई शहर जिल्ह्याचीही झाली. उलट तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा तब्बल ३६ टक्क्यांनी वाढला. राज्याची सरासरी घेऊन तालुक्याचा निर्णय करणारेही मला भेटलेत. त्यांना काय सांगावं?

माझी सवय साधी आहे. पाच वर्षांचे इयत्तावार आकडे एका कागदावर मांडायचे आणि तक्ता तिरका वाचायचा. यंदाची सातवी, पुढच्या वर्षीची आठवी, त्यापुढची नववी. समजा सातवीत ४० होती आणि पुढल्या वर्षी आठवीत ३४ दिसली, तर ती सहा कुठे गेली हे मुख्याध्यापकांना नावानिशी विचारायचं. दाखला घेऊन तालुक्याच्या गावी गेली, इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसली, की घरीच बसली? तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. मुलींचा रकाना वेगळाच ठेवायचा. आठवीतून नववीत जाताना एकूण आकडा बरा दिसतो आणि मुलींचा खाली बसलेला असतो, असं कितीतरी गावांत पाहिलंय.

हल्ली एकूण पटाचा आलेख एक्सेलमध्ये काढायचा आणि रेष पुढे ओढून "२०३५ सालचा अंदाज" लिहायचा अशी टूम निघाली आहे. रेष ओढायला दोन मिनिटं लागतात. पहिली ते सातवीचे हजेरीपट बघायला दोन दिवस लागतात, म्हणून कुणी बघत नाही.

जमीन मिळाली म्हणून तिथे शाळा

ही माझी सर्वांत नावडती चूक. मराठवाड्यातल्या एका तालुक्यातली गोष्ट सांगतो, संस्थेचं नाव घेत नाही. गावातल्या एका बड्या शेतकऱ्यानं दोन एकर जमीन देऊ केली. अट एकच, कमानीवर आजोबांचं नाव हवं. संस्थेचे पदाधिकारी नकाशा घेऊन आले. त्यावर पोरांच्या कंपासपेटीतल्या कंपासनं पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलेलं, सहाही वाड्या वर्तुळात. २००९ च्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानात पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा हे उद्दिष्ट होतं, त्यामुळे कागद एकदम चोख.

मी विचारलं, या चार वाड्या ओढ्याच्या पलीकडे आहेत ना? "फरशी पूल आहे की साहेब." जुलैमध्ये त्या फरशीवरून किती दिवस पाणी जातं, हे त्यातल्या एकालाही सांगता येईना. ते सगळे तालुक्याच्या गावी राहणारे. मी प्रतिकूल शेरा लिहिला. वरून दबाव आला, प्रस्ताव पुढे गेला, स्लॅब पडला, कोनशिला बसली.

पहिल्या वर्षी आठवी भरली, कारण त्या साली सातवीच्या तुकड्या मोठ्या होत्या. पेढे वाटले. दोन वर्षांनी तपासणीला गेलो तेव्हा हजेरीपट उघडला. जुलैच्या पानावर ओढ्यापलीकडच्या मुलींच्या नावांपुढे लाल शाईत गैरहजेरीच्या सलग रांगा, आणि ऑगस्टच्या पानावर त्यातली निम्मी नावं कमी केलेली. पळून कुठेही गेल्या नव्हत्या. बाजारच्या गावातल्या जुन्या हायस्कूलला गेल्या होत्या, ते अंतरानं लांब होतं तरीही. कारण मानव विकास कार्यक्रमाची, खास मुलींना शाळेत नेणारी निळी एसटी त्यांच्या वाडीवरून निघून तिथे थेट फाटकापाशी थांबायची. जिथे बस थांबते तिथे मुली जातात. हे त्या वर्तुळात कुठे दिसणार?

ज्या मुलींना बस नव्हती त्यांच्यातल्या काहींचं शिक्षण तिथेच थांबलं. यावर तावातावानं बोललं की संस्थावाले म्हणतात, "साहेब, जमीन फुकट मिळाली होती." फुकटची जमीन सर्वांत महाग पडते, कारण तिच्यावर बांधकाम खरं होतं, शिक्षकांची पदं खरी मंजूर होतात आणि पाचच वर्षांत ते शिक्षक अतिरिक्त ठरून समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याच्या, रांगेत उभे राहतात.

हवाई अंतराचा हा खेळ आणखी कुठे कुठे चालतो ते बघायचं असेल तर कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा काठ बघा. सातारा जिल्ह्यातल्या खिरखिंडीच्या मुली होडी वल्हवत पलीकडे जाऊन, पुढे जंगलातून चालत शाळा गाठतात, याची उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. नकाशावर ते अंतर बोटभर भरतं.

म्हणून जागा ठरवण्याआधी मी पावसाळ्यात एकदा जातो, सकाळी दहाच्या सुमाराला, आणि पोरं कोणत्या वाटेनं येतात ते नाक्यावर उभा राहून बघतो. एसटीच्या कंडक्टरला विचारतो. कोणत्या वाडीवरून किती पोरं चढतात आणि कोणती बंद झाली, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. अधीर मंडळींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू दे.

३० सप्टेंबरचा पट

संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते, म्हणून प्रस्तावातही तोच आकडा. पण बीड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा या पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पोरंही बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर बसून जातात. जानेवारीत तोच वर्ग बघा. अशा गावाला कदाचित नव्या हायस्कूलची गरजच नसते, आई-बाप तोडीला गेले तरी पोरांना राहता येईल अशा, असलेल्या शाळेजवळच्या चांगल्या हंगामी वसतिगृहाची असते. मी दोन आकडे मागतो, सप्टेंबरचा आणि जानेवारीचा. दुसरा आकडा द्यायला जिथे खळखळ होते तिथे मी जास्त बारकाईनं बघतो. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत राज्यभर कागदावरची किती पोरं वर्गात सापडली नव्हती, हे अजून लोक विसरलेले नाहीत.

जन्मनोंदी जशाच्या तशा वापरणं

जन्माची नोंद जिथे बाळंतपण झालं तिथे होते. पोरगी माहेरी किंवा तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली की नोंद तिकडेच. म्हणून खेड्यात मुलं जन्मतच नाहीत असं दिसतं आणि तालुक्याच्या गावी पूर आलेला दिसतो. अंगणवाडी सेविकेची वही घ्या, प्रत्यक्ष राहणारी पोरं तिथे सापडतात.

फ्लॅट गुणिले चार

शहरालगतची खास चूक. २०२१ मध्ये पुणे महापालिकेत २३ गावं आली, वाघोलीसारखी, त्या पट्ट्यात तर हे गणित सर्रास मांडतात: इतके हजार फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणून इतकी मुलं. अहो, त्यातले कितीतरी फ्लॅट गुंतवणुकीचे, कुलूपबंद. कितीतरींमध्ये तीन अविवाहित आयटीवाले भाड्यानं राहतात. नवीन जोडपी येतात तेव्हा आधी बालवाडीची रांग लागते, नववीची पोरं यायला दहा-बारा वर्षं जातात. शिवाय सोसायटीतली पोरं सीबीएसईला जातात. मराठी किंवा सेमी-इंग्रजी हायस्कूल लागतं ते त्या सोसायट्या बांधायला आलेल्या, तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहिलेल्या लोकांच्या पोरांना, आणि ती फ्लॅटच्या मोजणीत कुठेच नसतात.

पण आज गरज नाही असं म्हणून शाळेच्या जागेचं आरक्षण मात्र सोडू नका. विकास आराखड्यात शाळेसाठी राखलेली जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत पुढची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. नेमकी पोरं नववीत यायच्या सुमाराला जागा हातची जाते. ही तारीख महापालिकेतल्या कुणाच्या तरी टेबलावर लिहून ठेवलेली हवी.

थोडक्यात उरलेल्या

जिल्हा परिषद शाळेला आठवीचा वर्ग जोडलाय का ते न विचारता आठवीपासूनचं हायस्कूल काढू नका.

अकरावीचा कागदोपत्री पट म्हणजे मागणी नव्हे. नाव गावच्या कॉलेजात आणि पोरगा लातूरला क्लासमध्ये, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अकरावीच्या लाखो जागा दरवर्षी रिकाम्या राहतात, तरी नवीन तुकड्यांचे अर्ज येतच असतात.

दहावीच्या निकालाच्या टक्केवारीवरून शाळेची गरज ठरत नाही. हेही सांगावं लागतं, इलाज नाही.

शेजारच्या संस्थेला मिळाली म्हणून आपल्यालाही, हे कारण लेखी देऊ नका. दोन वेळा वाचलंय.

आणि नवीन इमारतीआधी दोन स्वस्त गोष्टी करून बघा. जुन्या हायस्कूलला दोन खोल्या वाढवता येतात का, आणि एसटीची वेळ बदलून मिळते का. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत प्रवास मोफत आहेच, पण पावणेअकराला पोचणारी गाडी साडेदहाच्या शाळेच्या काय कामाची? आगारप्रमुखाला ग्रामपंचायतीच्या ठरावासह पत्र द्या, प्रत विभाग नियंत्रकांना टाका आणि उन्हाळ्यातच पाठपुरावा सुरू करा, जूनमध्ये गेलात तर वेळापत्रक लागलेलं असतं.