पाड्यावरची पोरं कंपनीत घ्यायचीत? आधी उचल आणि लावणी समजून घ्या

वाडा, विक्रमगड, पेणकडे कारखाना असलेले बरेच जण विचारतात की आदिवासी पोरं-पोरी घ्यायच्यात, ट्रेनिंगही देऊ, पण सुरुवात कुठून करायची? गेटवर बोर्ड लावून काही होत नाही हो, पाड्यावर जावं लागतं. आश्रमशाळेतून दहावी-बारावी झालेलं कोण घरी बसलंय हे तिथल्या मास्तरांना नि आशाताईंना पक्कं माहीत असतं, जवळच्या आयटीआयलाही विचारा, आणि डहाणू, जव्हार, शहापूर, पेणला आदिवासी विकासची प्रकल्प कार्यालयं आहेत तिथे एक चक्कर मारा. मुकादमामार्फत, म्हणजे मजूर पुरवणाऱ्यामार्फत, मात्र नको, मग पगारात त्याचाही वाटा येतो.

आता खरी अडचण. इथल्या कातकरी आदिवासींची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि त्याची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्याआधीच घेऊन झालेली असते, म्हणजे तुम्ही ऐन दिवाळीच्या तोंडावर गेलात तर घराने शब्द दिलेला असतो. वर भट्टीवाला पैसे आधी देतो, आठवड्याला खर्ची, म्हणजे घरखर्चापुरते पैसे, देतो, आणि तुम्ही म्हणता पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला! तोवर खायचं काय? पहिले दोन महिने दर आठवड्याला थोडी खर्ची द्या, जेवण कंपनीचं ठेवा. पण मोठी उचल देऊन पोराला अडकवायचं नाही, वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ पासून आहे आणि तो तुम्हालाही लागू होतो.

कागदांसाठी स्वतंत्र दिवस काढा. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यावरची नावं, जन्मतारखा जुळत नसतील तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढे पीएफ काढताना पोरगं चकरा मारत बसतं. जात पडताळणी वगैरे मागत बसू नका, खाजगी नोकरीला त्याची गरज नाही.

ट्रेनिंगसाठी अ‍ॅप्रेंटिसशिपचा, म्हणजे स्टायपेंडवर काम करत शिकण्याचा, मार्ग सरळ आहे. १९६१ च्या कायद्याने ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला २.५ ते १५ टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात, मग ते पाड्यावरचे का नकोत? केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिना १५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. फक्त ट्रेनिंग संपल्यावर कायम करणार की नाही हे पहिल्याच दिवशी आईबापासमोर सांगा, कायदा तशी सक्ती करत नाही आणि त्यांना मात्र पोरगं कायम होणारच असं वाटत असतं.

शिकवताना पीपीटी नको, मशीनजवळ उभं करून हातात पाना द्या. जोडीने घ्या, एकाच पाड्यावरचे दोघं-तिघं, एकटं पोरगं आठवड्यात घरी पळतं. आणि सुपरवायझरला आधी शिकवा, "ए कातकऱ्या" असली हाक एकदा जरी आली तरी तुमची सगळी मेहनत वाया, त्यावर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हाही होऊ शकतो.

जुलैत भाताची लावणी असते, पोरं जाणारच. गैरहजेरी मांडून नाव काढण्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीलाच लावणीची नि होळीची सुट्टी प्लॅनमध्ये धरा, पाळ्या लावा, त्या आठवड्यांत मशीन मेंटेनन्स काढा. आणि गाडी! सेकंड शिफ्ट सुटल्यावर फाट्यावर सोडून चालत नाही, पाड्यापर्यंत सोडा, पोरी असतील तर तिथे तडजोड नकोच.