गोव्यातल्या उद्योगांनी सीएसआर करायचा तो कसा

चतुर्थीच्या आधी मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन येतात, आपण ऐपतीप्रमाणे देणगी देतो आणि मंडपाबाहेर आपल्या हॉटेलचा फलक झळकतो. द्यावी, जरूर द्यावी. पण हिशेबात ती जाहिरातीच्या रकान्यात टाका. नाव झळकावं म्हणून केलेलं प्रायोजकत्व कायदाही सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चात, धरत नाही.

पहिल्यांदा आपल्यावर कायद्याचं बंधन आहे का ते सीएला विचारा. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. मागच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक जरी आकडा गाठला असेल, तर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम खर्च करावी लागते. ही रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर वेगळी समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ते काम बघतं. भागीदारीतलं हॉटेल, बेकरी, काजूचा कारखाना या कलमात येत नाहीत. गोव्यातले बहुतेक धंदे असेच आहेत. पुढचं सगळं त्यांच्यासाठीही आहे, फक्त फॉर्म भरायची कटकट नाही.

मग गावात जाण्याआधी स्वतःचं मागचं दार बघा. स्वयंपाकघरातलं सांडपाणी कुठे जातं? मैल्याचा टँकर कुठे रिकामा होतो, हे चालकाला कधी विचारलंय का? एप्रिल-मे महिन्यात आपला पाण्याचा टँकर कोणत्या विहिरीवर भरतो? कामगार बाहेरच्या राज्यातले असले तरी सगळे हजेरीपटावर आहेत ना? साधारणपणे 20 माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी लागतो, 10 झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा. हे तर कायद्यानेच करायचं असतं, म्हणून ते सीएसआरमध्ये मोजलं जात नाही. निव्वळ आपल्याच कामगारांसाठी काढलेली योजनाही मोजत नाहीत. पण ज्या वाड्याच्या विहिरी आपल्या टँकरमुळे आटतात, त्याच वाड्यावरच्या शाळेला वॉटर फिल्टर भेट देऊन फोटो काढणं हा मला तमाशा वाटतो. आधी टँकर कमी करा.

त्यानंतर ऐकायला जा. गोव्यात नेहमीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी भरतात. मागच्या खुर्चीवर बसा, माईक मागू नका. दोन सभा ऐकल्या की गावाला खरंच काय हवंय ते कळतं. शिवाय पंच, अंगणवाडी सेविका, शाळेच्या बाई आणि रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार) यांच्याशी वेगवेगळं बोला, कारण सभेत मोठ्या आवाजाच्याच माणसांचं ऐकू येतं.

आता काम निवडा, आणि एकच निवडा. किनारपट्टीच्या किंवा नदीकाठच्या गावात असाल तर माझं मत खाजन शेतीच्या बाजूने. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली ही जमीन. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी चढलं की झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. वीज नाही, मोटर नाही. पण फळी कुजली किंवा बांधाला भोक पडलं की खारं पाणी शेतात शिरतं आणि भातशेती पडीक पडते. पर्यावरण आणि नैसर्गिक संसाधनांचं जतन कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत आहे, त्यामुळे हे काम त्यात बसवता येतं. जमीन कोमुनिदादची (गावच्या जुन्या सामुदायिक संस्थेची) की खासगी, बांधाची जबाबदारी कुळांच्या संघाकडे आहे का, हे आधी कागदावर बघा. कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागालाही विचारा. बांधाची माती भर पावसात टिकत नाही, त्यामुळे खरं काम पाऊस संपल्यापासून मे महिन्यापर्यंतच होतं. मार्च अखेरीला पैसे संपवायची घाई झालेली कंपनी इथे हमखास फसते. करार दिवाळीपर्यंत करा. काम लांबणार असेल तर पहिल्यापासूनच बहुवार्षिक प्रकल्प म्हणून मंजूर करून घ्या. सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं मिळतात. त्या प्रकल्पाची शिल्लक रक्कम मात्र आर्थिक वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते.

छोट्या दुकानदाराला बांध झेपणार नाही. त्याने गावच्या वाचनालयाकडे बघावं. कपाट आणि पुस्तकं सगळेच देतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी ते उघडणाऱ्या माणसाचं मानधन कोणी देत नाही. ते द्या, आणि निदान दोन वर्षं द्या.

कंपनी संस्थेमार्फत काम करत असेल तर त्या संस्थेची सीएसआर-1 नोंदणी (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) तपासा, 1 एप्रिल 2021 पासून ती सक्तीची आहे. कंपनीचा स्वतःचा प्रशासकीय खर्च त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या 5 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. रक्कम टप्प्याटप्प्याने द्या. दुसरा हप्ता देण्याआधी जागेवर जाऊन या, फोटोवर भागवू नका. ओहोटीच्या वेळी गेलात तर झडपा उघडतात की नाही ते डोळ्यांनीच दिसतं.

काम संपल्यावर नारळ फोडायला आमदारांना बोलवा किंवा नका बोलावू. पण पुढच्या ग्रामसभेत खर्चाचा कागद वाचून दाखवा: किती दिले, कशावर गेले, काय राहून गेलं. आणि मानशीची फळी पुन्हा कुजली तर ती कोण बदलणार, पैसे कुठून येणार, हे त्याच सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.