खोक्यावरचं विमान आणि खोक्यातलं विमान: या चुका टाळा

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली की बायको स्वयंपाकघरातूनच सांगते, "आला तुमचा पेशंट." दारात एखादा पोरगा चपलांच्या खोक्यात प्लास्टिकच्या किटमधून जोडलेलं, अर्धवट रंगवलेलं छोटं विमान घेऊन उभा असतो. मुलुंडला आमच्या गॅलरीत, आईच्या जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर मी माझं दुकान मांडलेलं असतं. पोरगा खोकं उघडतो आणि म्हणतो, "काका, काहीतरी चुकलंय, पण काय ते कळत नाहीये." मी विमानाकडे बघायच्या आधी एकच विचारतो, "हे कशावरून बनवलंस?" दहातले नऊ जण सांगतात, "बॉक्सवरच्या चित्रावरून."

मग मी चहा टाकायला सांगतो, कारण आता वेळ लागणार असतो.

बॉक्सवरचं चित्र ही जाहिरात असते. दुकानातल्या फळीवर वीस खोकी रचलेली असताना तुमचा हात याच खोक्याकडे जावा, म्हणून ते काढलेलं असतं. चित्रकारांना मी नावं ठेवत नाही. एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीसाठी १९६४ ते १९७४ अशी दहा वर्षं खोकी रंगवणारा रॉय क्रॉस मुळात विमानांची तांत्रिक चित्रं काढणारा माणूस होता. त्याची चित्रं आजही लोक फ्रेम करून भिंतीवर लावतात. पण चित्रकार विमान रंगवतो आणि कंपनी साच्यातलं प्लास्टिक विकते, आणि या दोघांची गाठ पडेलच असं नाही. पोलादी साचा महाग, पुठ्ठ्याचं खोकं स्वस्त. म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या साच्यातून तेच प्लास्टिक काढायचं, नवीन डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) टाकायचे, नवीन चित्र लावायचं आणि पुन्हा बाजारात आणायचं, हा धंदा जगभर चालतो.

मला हे ज्या दिवशी समजलं तो दिवस मी विसरलेलो नाही. तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. वरच्या मजल्यावर एक काका होते, नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. आपल्याकडची मिग-२१ एफएल (मिग लढाऊ विमानाचा एक प्रकार) तिथेच तयार व्हायची. हवाई दलातले लोक तिला टाइप-७७ म्हणायचे. काकांची सगळी नोकरी त्या विमानात गेली होती. मी फोर्टातल्या एका दुकानातून महिन्याचे पैसे साठवून एक किट आणलं. खोक्यावर काय चित्र होतं! चांदीसारखी चकाकणारी मिग, पंखांवर आपली केशरी-पांढरी-हिरवी चक्रं, खाली ढाका, धूर, डिसेंबर १९७१. दीड महिना खपलो. रात्री लाईट गेले तर मेणबत्तीवर पॉलिश पेपर मारला. तयार झाल्यावर वर जाऊन काकांच्या हातात ठेवलं.

काकांनी चष्मा लावला. विमान कौतुकाने बघतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी आधी ते उलटं केलं. मग सरळ केलं. अंगठा कॅनपीच्या, म्हणजे वैमानिकावरच्या काचेच्या झाकणाच्या, मागून शेपटीपर्यंत फिरवला, आपण मांजराच्या पाठीवरून फिरवतो तसा. म्हणाले, "हिला एवढं मदार कुठून आलं रे?" मी गप्प. "आणि ही पोटाखाली दुनळी तोफ? आमच्या गाडीला आत तोफ नव्हतीच. लागली तर खाली पेटी लटकवायचे. पंखाखाली चार हूक? आमच्याकडे दोन." मग कॅनपीवर नख ठेवून, "आणि हे झाकण पुढे उघडायचं, असं बाजूला नाही."

खोक्यातलं प्लास्टिक नंतरच्या प्रकाराचं, मिग-२१ बिसचं होतं. पाठीत जादा इंधन मावावं म्हणून तिचा कणा चांगलाच जाड केलेला, पोटात जीएसएच-२३ तोफ बसवलेली. ती आपल्याकडे आली तीच मुळी ७१ च्या युद्धानंतर काही वर्षांनी. म्हणजे चित्रातल्या ढाक्यावर ती असणंच शक्य नव्हतं. डिकल खरे होते, चित्रही बऱ्यापैकी खरं होतं, फक्त प्लास्टिक दुसऱ्याच विमानाचं होतं. काकांनी विमान परत दिलं आणि म्हणाले, "रंग मात्र झकास बसलाय." ते वाक्य मला आजही टोचतं.

हाच प्रकार नॅट या छोट्या लढाऊ विमानाच्या बाबतीत जास्त होतो, कारण नॅट म्हटलं की सगळ्यांना १४ डिसेंबर १९७१ चं श्रीनगर आणि परमवीरचक्र विजेते वैमानिक निर्मलजीत सिंग सेखों आठवतात, आणि आठवावेतच. पण दुकानात सहज मिळतं ते लाल रंगाचं, ब्रिटिश कवायती पथकाचं नॅट टी-१. ते दोन वैमानिकांचं प्रशिक्षण विमान आहे. आपलं लढाऊ नॅट एका वैमानिकाचं. टी-१ जवळजवळ एक मीटरने लांब, पंखही मोठे. "मागची सीट काढून टाकतो, भोक पुट्टीने बुजवतो," असं एक इंजिनिअरिंगचा मुलगा मला मोठ्या आत्मविश्वासाने सांगून गेला होता. पंखांचं काय करणार, असं विचारल्यावर तो फिरकला नाही.

आता रंगाबद्दल. चित्रकार विमान संध्याकाळच्या उन्हात रंगवतो, कारण संध्याकाळ विकली जाते. पोटावर समुद्राची निळाई, पंखांच्या कडेला केशरी, सावलीत जांभळा. नवखा पोरगा तो जांभळा बाटलीत मिसळून आणतो! अरे, तो रंग विमानाचा नव्हे, उजेडाचा आहे. तुमच्या टेबलावर ट्यूबलाईटखाली तो जांभळा नुसता जांभळाच दिसणार. दुसरं म्हणजे, दुसऱ्या महायुद्धातल्या बॅटल ऑफ ब्रिटनच्या स्पिटफायर विमानाच्या पोटाचा रंग 'स्काय' असा लिहिलेला असतो. ते वाचून लोक आकाशी मारतात. तो 'स्काय' फिकट हिरवटाकडे झुकणारा असतो, कच्च्या कैरीच्या आतल्या गरासारखा म्हणा हवं तर. आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची विमानं करताना ब्रिटिश चक्रातला मधला लाल ठिपका काढा. जपान्यांच्या लाल गोळ्याशी घोटाळा होऊन आपल्याच लोकांनी गोळ्या घालू नयेत म्हणून तो तिथे पुसला होता. आपल्या स्क्वाड्रन्सचीही विमानं तशीच होती.

जर्मन विमानांच्या चित्रात शेपटीवर बऱ्याचदा काहीच नसतं. जर्मनीत नाझींच्या त्या चिन्हावर कायद्याने बंधनं आहेत, म्हणून खोक्यावर ते गाळतात आणि डिकलच्या कागदावर एक तर नसतं किंवा दोन तुकड्यांत येतं. चित्रात नाही म्हणून खऱ्या विमानावर नव्हतं, असं धरून चालू नका. आमच्याकडे एकदा आईने ते डिकल बसवताना पाहिलं आणि म्हणाली, "स्वस्तिक काढतोयस ते बरंय, पण तिरकं का काढतोस?" तिला समजावण्यात अर्धा तास गेला, तोवर डिकल पाण्यात विरघळलं.

चित्रात पंखाखाली लटकलेली शस्त्रंही लग्नाच्या पंगतीतल्या ताटासारखी असतात, जे जे आहे ते सगळं वाढलेलं. प्रत्यक्षात एका उड्डाणाला एवढं कोणी नेत नाही.

कोणाला अजूनही चित्रावर फार श्रद्धा असेल तर त्याने एफ-१९ ची गोष्ट आठवावी. १९८६ साली टेस्टर्स कंपनीने अमेरिकेच्या गुप्त स्टेल्थ (रडारला चुकवणाऱ्या) विमानाचं किट काढलं, गोलगरगरीत, माशासारखं सुळसुळीत. धडाधड खपलं. १९८८ च्या नोव्हेंबरात खरं विमान जगासमोर आलं, ते एफ-११७, सगळं कोनाकोनांचं, कागदाची होडी दुमडल्यासारखं. एफ-१९ नावाचं विमान नव्हतंच.

मी काय करतो ते सांगतो. मी आधी एक फोटो निवडतो. एक विमान, एक शेपटीचा क्रमांक, जमलं तर एक तारीख. मग किट उघडतो. गोंदाची बाटली उघडायच्या आधी फूटपट्टी घेतो. मिग-२१ च्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ च्या प्रमाणात, खऱ्याच्या बहात्तराव्या भागात, ९९ मिलिमीटर. स्पिटफायरचा ११.२३ मीटर, म्हणजे १५६ मिलिमीटर. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर मी बोलत नाही. दहा मिलिमीटरचा फरक निघाला तर किट फळीवर आणि मी झोपायला. याला पंधरा मिनिटं लागतात. या पंधरा मिनिटांचा कंटाळा करणारी माणसं पुढे तीन महिने पुट्टी घासतात. यूट्यूबवर 'एका दिवसात विमान' बघून येणाऱ्यांना मी आता समजावतही नाही, चहा पाजून पाठवून देतो.

शक्य असेल तर खरं विमान बघा. वरळीला नेहरू विज्ञान केंद्रात आपलं मारुत हे लढाऊ जेट उभं आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँकने बेंगळुरूत बसून आखलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं. तिथे जाऊन पत्र्यांचे सांधे बघा. दोन पावलं मागे सरकलात की बरेचसे दिसेनासे होतात. आणि आपण काय करतो? किटवरच्या रेषांमध्ये काळा रंग भरून गटारं खणल्यासारख्या उठवतो. ०.२ मिलिमीटरची रेष ७२ ने गुणा, १४ मिलिमीटर होतात. पत्र्यात एवढी फट असलेलं विमान कोणी उडवेल का?

आता आपल्या मुंबईच्या चुकीकडे येतो, ती म्हणजे पावसाळ्यात वॉर्निश मारणं. हवा दमट असली की लॅकर वॉर्निशमधलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि आतच अडकतं. वर दुधासारखी साय धरते. माझं एक सी हॉक, नौदलाचं जुनं जेट, असंच गेलं. आयएनएस विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असताना तिथे चारदा जाऊन, सुरक्षा रक्षकाच्या शिव्या खाऊन फोटो काढले होते. जुलैची संध्याकाळ, बाहेर नुसती झिमझिम. दुसऱ्या दिवशी सुट्टी संपणार म्हणून मला घाई. मॅट वॉर्निशचा एक हात मारला आणि दहा मिनिटांत गडद राखाडी विमान साबुदाण्याच्या खिरीत बुडवून काढल्यासारखं झालं. कोरड्या दिवशी वरून ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत वॉर्निशचा, पातळ हात मारला की कधीकधी ती साय उतरते. माझी अर्धी उतरली. उरलेली अर्धी मी 'ढगातून आलेलं विमान' म्हणून खपवायचा प्रयत्न केला, पण कोणी फसलं नाही.

तेव्हापासून नियम असा: जून ते सप्टेंबर फक्त कापणं, चिकटवणं, घासणं. एअरब्रशला (हवेने रंग फवारायच्या पेनाला) हात नाही. खंडेनवमीला विळी, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड यांच्या शेजारी एअरब्रशला झेंडूचं फूल वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पहिला रंग. एअर कंडिशनर लावून जुलैत रंगवणारे लोक आहेत. त्यांचं होतही असेल चांगलं. मला पटत नाही.

बाकीचं पटापट. कॅनपीला सुपरग्लू लावू नका, वाफेने काच पांढरी होते. फेविकॉल घ्या, वाळल्यावर पारदर्शक होतो. नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारातून एक साधा निपर (कापायची छोटी पक्कड) आणा, भाग फ्रेमवरून पिळून तोडू नका. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर प्लास्टिकवर थेट लावलं तर प्लास्टिक विरघळतं, 'जरासं'सुद्धा नको. डिकलखाली आधी ग्लॉस मारा, नाहीतर हवा अडकून चंदेरी दिसतात. पिवळे पडलेले जुने डिकल काचेला आतून चिकटवून आठवडाभर उन्हात ठेवले की बऱ्यापैकी पांढरे होतात. आमच्या समोरच्या वहिनींना वाटलं आम्ही काचेला नजरबट्टू लावलाय.

आणि नाकात वजन. तीन चाकांची विमानं पुढच्या चाकावर बसायला हवी असतील तर बॉडी चिकटवायच्या आधी नाकात शिसं भरा. मासे पकडायच्या गळाला लावतात त्या गोळ्या मी वापरतो. हे मी सगळ्यांना सांगतो आणि स्वतः विसरतो.

कारण त्या काकांसाठी मी दुसरी मिग केली होती. जुन्या मिग-२१ पीएफचं एक किट मिळवलं, त्याची पाठ बारीक होती. शेपटीचा रुंद पंख आणि त्याच्या बुडाशी पॅराशूटची पेटी हवी होती, ती आधीच्या चुकलेल्या बिसची करवतीने कापून लावली. पंखाखाली दोनच हूक. पोट साफ. झाकण पुढे उघडणारं. आठ महिने लागले. वर नेली, टीपॉयवर ठेवली, हात काढला, आणि मिग सावकाश मागे कलून शेपटीवर बसली.

काका बराच वेळ बघत राहिले. "ओझरला ही अशी बसली असती ना," ते म्हणाले, "तर आमच्या सगळ्या शिफ्टची चौकशी लागली असती." मग उठले, देवघरातून काडेपेटी आणली, तिचे दोन तुकडे केले आणि एक शेपटीखाली सरकवला.