बालगृहात रुजू होणाऱ्या ताईंसाठी

एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचे, निकाल लागले की दरवर्षी दोन-चार मुलींचे फोन येतात. "ताई, मला ट्रॅफिकिंगमधून सुटलेल्या मुलींसोबत काम करायचंय." ट्रॅफिकिंग म्हणजे देहविक्रीसाठी होणारी माणसांची खरेदी-विक्री. बोलताना कळतं, त्यांच्या डोळ्यांपुढे धाडीची रात्र आहे: पोलिसांची गाडी, उघडलेलं दार, बाहेर येणारी मुलगी. ती रात्र काही तासांत संपते. पुढे तीच मुलगी आपल्याकडे बालगृहात सहा महिने, कधी तीन वर्षं राहते, आणि तुमची नोकरी त्या दिवसांची आहे. मी मुलींच्या बालगृहात 11 वर्षं काढली, आधी केसवर्कर म्हणून, मग अधीक्षिका म्हणून. फोनवर दर वेळी जे सांगते ते इथे लिहून ठेवतेय.

मुलगी बहुधा रात्री उशिरा येते. सोबत महिला पोलीस, एक पत्र, मेडिकल झालं असेल तर त्याचे कागद. दिवसभर ती पोलीस ठाणं, दवाखाना, गाडी अशी फिरलेली असते आणि चार जणांनी तिला तेच प्रश्न विचारलेले असतात. पाचव्या तुम्ही होऊ नका. जेवलीस का, कुठे दुखतंय का, पाळी चालू आहे का, एवढं विचारा. बाथरूम दाखवा, आतून कडी कशी लागते ते दाखवा. जिथून ती आली तिथे कडी बाहेरून लागत असण्याची शक्यता खूप असते. झोपताना दिवा चालू हवा की बंद, हेही तिलाच ठरवू द्या. आणि एक गोष्ट, जी मला कॉलेजात कुणी सांगितली नव्हती: वैद्यकीय तपासणी व्हायची असेल तर तिच्या अंगावरचे कपडे मायेपोटी धुवायला टाकू नका. तो पुरावा असतो. ते कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको.

सकाळी ती तुमच्यावर चिडेल. नव्या ताईंना हे फार लागतं. आपण तिला वाचवलं असं आपल्याला वाटत असतं आणि ती म्हणते, "मला इथून सोडा." तिचा फोन जप्त झालेला असतो. गावी आईला दर महिन्याला जाणारे पैसे थांबलेले असतात. जो तिला घेऊन आला त्याला ती नवरा मानत असते, नाहीतर विकणारी तिची सख्खी मावशी असते. त्या माणसाला तिच्यासमोर नावं ठेवू नका. त्याने काय केलं हे तिला कळायला कधी कधी वर्ष लागतं, आणि तोवर त्याच्या आठवणीने ती रडली तर तिला तुमच्याजवळ रडता आलं पाहिजे.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगते, पण पाठ करून या. मुलगी 18 वर्षांखालची असेल तर बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत तिला बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. तिने कुठे राहायचं, घरी कधी जायचं, हे ही समिती ठरवते. समितीत अध्यक्ष आणि 4 सदस्य असतात. सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे तिच्या घरच्या परिस्थितीची माहिती, 15 दिवसांत द्यायचा, आणि समितीचा अंतिम आदेश 4 महिन्यांत अपेक्षित असतो. वय 18 च्या वर असेल तर प्रकरण 'पिटा' म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांपुढे जातं. म्हणूनच वय कळीचं ठरतं. धाडीत सापडलेल्या अनेक मुलींना "वय एकोणीस सांग" असं पढवलेलं असतं. त्यावर वाद घालू नका, शाळेचा दाखला शोधा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 प्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना केलेल्या एका फोनने मुलीचा सगळा मार्ग बदललेला मी पाहिलाय.

आता सगळ्यात अवघड प्रसंग. महिन्याभराने एखाद्या संध्याकाळी मुलगी धान्य निवडताना शेजारी येऊन बसते आणि म्हणते, "ताई, एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?" जीभ लगेच "नाही गं" म्हणायला धावते. तो शब्द देऊ नका. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. पण त्याहून मोठं कारण त्या मुलीत आहे. 'कुणाला सांगू नकोस' हे शब्द तिने आधी ऐकलेले असतात, ज्याने अत्याचार केला त्याच्या तोंडून. म्हणून ती बोलायच्या आधीच सांगा: "तुला कुणी त्रास दिला असेल तर ते मला काही माणसांना सांगावं लागेल. कुणाला, कधी, ते आधी तुला सांगेन. तुझ्या पाठीमागे काही करणार नाही." काही मुली तिथेच उठून जातात. जाऊ द्या. माझ्याकडून उठून गेलेल्यांपैकी बऱ्याचजणी परत आल्या, काही दोन दिवसांनी, एक चार महिन्यांनी.

जबाबाच्या वेळी तिचे हक्क तुम्हाला माहीत हवेत, कारण तिथे तिच्या बाजूने बोलणाऱ्या तुम्हीच असता. पॉक्सोत जबाब तिच्या राहत्या जागी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेशात नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने करायची असते. समितीकडे 'सपोर्ट पर्सन', म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलीच्या सोबत राहणारी व्यक्ती, मागता येते. दंडाधिकाऱ्यांपुढच्या जबाबाला सगळे अजून '164 चा जबाब' म्हणतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतला हा कलमाचा आकडा नव्या संहितेत बदललाय तरी. मुलीला उत्तरं शिकवू नका. कोर्टाची खोली कशी असते, कोण कुठे बसतं, पाणी मागता येतं, "आठवत नाही" म्हणता येतं, एवढं सांगा.

माझी एक चूक लिहिते, कारण ती जवळपास प्रत्येकीकडून होते. पहिल्याच वर्षी एका मुलीला मी म्हणाले, "पंधरा दिवसांत घरी जाशील." तिचं घर दुसऱ्या राज्यात. तिथल्या गृहभेटीचा अहवाल यायला पाच महिने गेले. आला तर पोलीस एस्कॉर्ट मिळेना. सात महिने झाले. या काळात ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली, आणि तिचं बरोबर होतं. तिला आणणाऱ्यानेही 'पंधरा दिवसांची नोकरी' म्हणूनच आणलं होतं. त्यानंतर मी कुणालाही तारीख दिली नाही. "सोमवारी समितीची बैठक आहे, तुझी फाइल ठेवणार आहे, काय झालं ते संध्याकाळी येऊन सांगते," एवढंच म्हणायची. आणि काही झालं नसलं तरी संध्याकाळी जाऊन "आज काही झालं नाही" हे सांगायचं. या कामात एक गोष्ट शिकायची तर ही शिका. या मुलींना मोठमोठे शब्द देणारे खूप भेटलेत. छोटा शब्द पाळणारं माणूस त्यांनी फारसं पाहिलेलं नसतं.

घरी पाठवणं हे नेहमी चांगलंच, असं धरून चालू नका. घरच्यांनीच विकलं असेल तर? गृहभेटीत आईशी एकटीने बोला, कर्ज कुणाचं आहे ते विचारा, धाकट्या बहिणीकडे लक्ष द्या. अहवालात जे दिसलं ते लिहा. कुटुंबाची दया येऊन ते मऊ करू नका.

पुनर्वसन म्हटलं की संस्था शिलाई, मेंदी, ब्यूटी पार्लर यांवर येऊन थांबतात. मुलीला विचारा. आमच्याकडे एकीने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली आणि तिच्यामागून आणखी तिघींनी. कागदपत्रांचं काम कंटाळवाणं असतं, पण आधार आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं यांसाठी पहिल्या महिन्यातच लागा. पात्र असेल तर अत्याचारपीडितांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा. अठरावा वाढदिवस जवळ आला की मुली गप्प होतात, कारण बालगृह सुटणार असतं. 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यानंतरच्या आधाराची, सोय कायद्यात आहे. ते बोलणं सतराव्या वर्षीच सुरू करा.

मुलींचे फोटो काढू नका. केक कापतानाचा पाठमोरा फोटोसुद्धा स्टेटसला नको. मुलीची ओळख उघड करायला मनाई करणारं बाल न्याय अधिनियमाचं कलम 74 आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. देणगीदार मागतील, त्यांना मुलींनी काढलेली चित्रं दाखवा, तीही मुलींना विचारून.

सुटका झालेल्यांइतकंच, मुली त्या वाटेला जाऊ नयेत म्हणून चाललेलं कामही बघून या. मुंबईत कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' संस्थेने 1988 मध्ये रात्र निवारा केंद्र सुरू केलं. आई धंद्यावर असते त्या वेळात मूल सुरक्षित जागी जेवतं, अभ्यास करतं, झोपतं. इतकी साधी कल्पना.

पगार कमी आहे आणि बहुतेक जागा कंत्राटी असतात, हे घरी आधीच सांगा. मुलाखतीत तुम्हीही विचारा: रात्री किती मुलींमागे किती काळजीवाहक असतात, समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येते, आणि मला झोप लागेनाशी झाली तर मी कुणाशी बोलायचं. रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात गृहमातेबरोबर दोन रात्रपाळ्या मागून घ्या. मुली त्यांना मावशी म्हणतात, आणि रात्री दोन-अडीचला उठून पाणी मागायला त्यांच्याकडेच जातात. मावशी काय बोलतात आणि कधी गप्प राहतात, ते शेजारी बसून बघा.